पाण्याच्या दिवशी घरी कोण?

औरंगपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात दुपारी डबे उघडले की भाजीच्या आधी नवरे बाहेर निघतात. वंदना, शेख मॅडम आणि मी. पंधरा वर्षांत इतके किस्से साठलेत की तेवढं पाणी साठलं असतं तर आमच्या निम्म्या रजा वाचल्या असत्या.

कारण आमच्याकडे नळाला पाणी येतं काही दिवसांआड. त्या दिवशी घरी कुणाला तरी थांबावं लागतं, आणि हे 'कुणीतरी' म्हणजे बाई.

एकदा साहेब वैतागले. "पाण्यासाठी रजा? तुमच्या घरात पुरुषमाणसं नाहीत का?"

मी विचारलं, "सर, तुमच्याकडं कोण भरतं?"

"आमच्या मिसेस. शाळेत अर्धी सुट्टी टाकतात," म्हणाले, आणि फायलीत डोकं घातलं!

शेख मॅडमच्या रिटायर झालेल्या मियाँनी एकदा स्वतः चहा केला. साखर कुठंय, पत्ती कुठंय, गाळणी कुठंय, लायटर कुठंय, असे ऑफिसात चार फोन. संध्याकाळी गल्लीतल्या बाया म्हणाल्या, "नसीबवाली हो आपा!" मॅडम आम्हाला म्हणाल्या, "एक कप चाय क्या बनाए, पूरे मोहल्ले में बोलते फिरे. पतेली तो मैंच घिसी."

माझा नवरा गुणी. भांडी घासतो, पण दार लावून. बेल वाजली की हात पुसून पेपर घेऊन बसतो. एकदा दार उघडं राहिलं आणि पिशोरहून सासूबाई न कळवता आल्या. लेकाच्या हातात झाडू! मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "त्याची नोकरी गेली का गं?"

हसतो आम्ही. पण खरं सांगू? आता हसायचाही कंटाळा आलाय. यातलं काही बदलेल असं मला वाटत नाही.

वंदनाचा प्रमोशनचा इंटरव्ह्यू आधी दोनदा हुकला होता. ही शेवटची संधी. नेमका त्याच सकाळी मुकुंदवाडीत तिच्या घरी पाण्याचा दिवस. नवऱ्याची दुसरी शिफ्ट होती, म्हणजे तो घरीच. "तू बिनघोर जा, मी हाय ना," म्हणाला. तिनं तीन दिवस त्याला मोटर, पाइप, पिण्याचा ड्रम कोणता, सगळं शिकवलं.

इंटरव्ह्यू झकास झाला. निवड झाली म्हणून साहेबांनी प्रमोशनचा कागद हातात दिला. "उद्या होकार लिहून द्या."

घरी गेली तर टाकी, ड्रम, हंडे काठोकाठ भरलेले. वंदना हरखली. कंपनीत नवऱ्याला फोन लावला. "अहो, लई छान भरलं!"

"मी कुठं? माझा डोळा लागत होता. पिंकीला म्हटलं, ऱ्हा आज घरी."

पिंकी नववीत. त्या दिवशी तिचा गणिताचा पेपर होता.

ओल्या ओट्यावर बसून ती आईला म्हणाली, "आई, तू साहेब झाल्यावर दर वेळी मीच थांबायचं का?"

हे सगळं वंदनानं आम्हाला दुसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं. होकाराचा कागद तिच्या डब्याखाली होता, कोरा.