उसुनच्या कानाच्या पाळ्या

मंगळवार, २ सप्टेंबर १९८६. पहाटे लांग लामाहून निघालो, दुपारी मारुडीला परत. नदीला पाणी कमी, बोट दोनदा वाळूत रुतली. हुनायला रविवारी पुरलं. उसुन मुलाच्या घरी न जाता माझ्याकडे उतरली. नुसता भात खाल्ला, भाजी नको म्हणाली.

रोजच्या सवयीने एवढं लिहून वही मिटली. पण उसुनबद्दल एवढ्याने भागायचं नाही.

आम्ही दोघी नदीच्या वरच्या अंगाच्या, लांग लामाकडच्या एकाच लांबघरातल्या; सगळं गाव एका लांब छपराखाली राहतं तिथे. तिथे मुलगी जन्मली की थोड्याच दिवसांत तिच्या कानाच्या पाळ्यांना भोकं पाडत. मग वर्षावर्षाने पितळेची एकेक कडी वाढवत जायची आणि त्या वजनाने पाळी ओघळत खाली यायची. मला लहानपणीच कुचिंगच्या कॉन्व्हेंटमध्ये ठेवलं. तिथे सिस्टरांनी कड्या काढल्या आणि माझे कान पुन्हा आखडले. उसुनचे वाढत राहिले. तिची आई बाळंतपणातच गेली होती, त्यामुळे कड्या घालायचं काम थोरल्या बहिणीकडे, हुनायकडे आलं. उसुन रडायला लागली की हुनाय म्हणे, "रड, रड. उद्या जंगलात हरवलीस तर याच आवाजावर शोधून आणीन तुला."

बाईमाणूस झाली तेव्हा उसुनच्या पाळ्या छातीपर्यंत आल्या होत्या. ती चालायला लागली की पावलागणिक कड्या किणकिणायच्या. काम करताना ती दोन्ही पाळ्या उचलून कानावरून मागे टाकी, आपण बाह्या सारतो तशा. नवरा गेल्यावर ती मुलाकडे-सुनेकडे, लियान आणि रोझलिनकडे, मारुडीला राहायला आली आणि बाजारात रानातल्या नेच्याचे कोवळे कोंब विकू लागली. समोरचा दुकानदार आह सेंग रोज तिची खोडी काढायचा.

"मावशी, तराजूची वजनं कानात घेऊन कशाला फिरता?"

"तुझी वजनं हलकी आहेत म्हणून," उसुन म्हणे. "माझ्यांनी मोज, गिऱ्हाईक तरी परत येईल."

बाजारातले सगळे हसायचे, आह सेंगही.

जुलैमध्ये नातीला कडेवर घेऊन ती चूल फुंकत होती. पोरीने कड्या मुठीत धरून हिसका दिला. पाळी झिजून दोरीसारखी बारीक झालेलीच होती, ती तुटली. उसुनने दोन्ही टोकं दोऱ्याने एकत्र बांधली, वर तंबाखूचं पान लावलं आणि कोणाला काही बोलली नाही. आमच्यात तुटलेली पाळी म्हणजे लाजिरवाणी गोष्ट. कान सुजून पू यायला लागला तेव्हा लियानने तिला हॉस्पिटलात नेलं आणि दुभाषी म्हणून मला बोलावलं.

डॉक्टर मिरीहून यायचे. तरुण होते, पण घाई नव्हती त्यांना. कान नीट पाहून म्हणाले, "जखम भरली की तुटलेली टोकं जरा कापून ताजी करून जोडता येतील. पाळी लांबच राहील, पण तिच्यात पुन्हा वजन घालता येणार नाही. नाहीतर दोन्ही बाजूंचा लोंबता भाग काढून लहान पाळ्या शिवून देतो. इथे बऱ्याच बायकांनी करून घेतलंय. तुम्ही सांगाल तसं."

मी सगळं आमच्या भाषेत सांगितलं. उसुनने बराच वेळ कान चाचपला.

"आई, कापून टाक," लियान म्हणाला. "एक जोडलेला, एक लोंबता, बरं दिसेल का? सगळ्यांनी कापलेत. रोझलिनच्या माहेरचे येतात तेव्हा तुझ्या कानाकडेच बघत बसतात."

"हुनाय काय म्हणेल?"

"तिला दिसतंय कुठे?"

हुनाय चार-पाच वर्षांपासून पूर्ण आंधळी होती. लियान हसला, मीही हसले. मग उसुनही हसली. "ते खरंच," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "शिवू दे, बुलानची आई. सांग त्यांना."

शस्त्रक्रिया छान झाली. टाके निघाले तेव्हा दोन लहान, गोल पाळ्या उरल्या होत्या, कडेला बारीक लाल शिवण. कड्या तिने बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या. आह सेंगने तिच्याकडे पाहिलं आणि त्या दिवशी काही थट्टा केली नाही. उसुन मला म्हणाली, "मान हलकी लागते गं. कोणीतरी डोक्यावरून हात काढून घेतल्यासारखं वाटतं."

मग वरून, लांबघरातून निरोप आला. हुनायने अंथरूण धरलंय, उसुनचं नाव घेतेय. उसुनने डबा पिशवीत टाकला आणि आम्ही दोघी निघालो.

हुनाय खोलीत चटईवर पडली होती. पायरीशीच उसुनने हाक मारली, "हुनाय, मी आले."

म्हातारीचा चेहरा उजळला. "आलीस? किती वाट पाहायची? ये, जवळ ये." तिने हात पुढे केला. उसुन वाकली. हुनायचा हात सवयीने तिच्या छातीशी गेला आणि चाचपत राहिला. खांद्यावर आला, मानेवर आला, शेवटी कानाला लागला. बोट शिवणीवरून फिरलं आणि तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"कोण आहेस तू?"

"मीच गं. उसुन."

"आवाज अगदी तिचाच काढलास," हुनाय म्हणाली. "कान विसरलास."

आमच्याकडे लहानपणापासून सांगतात, मरणाऱ्याच्या उशाशी जंगलातलं काहीबाही येतं, घरच्या माणसाचा आवाज काढून. त्याला ओ द्यायची नाही. हुनायने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी सांगून पाहिलं, तिच्या सुनेने सांगून पाहिलं. हॉस्पिटल, डॉक्टर, टाके, सगळं. "तुम्हालाही भुलवलंय," एवढंच ती म्हणाली.

तेव्हा उसुनने डबा उघडला आणि कड्या हातात धरून हलवल्या. तोच आवाज. हुनाय ताडकन उठून बसली. क्षणभर आम्हाला वाटलं, ओळखलं.

"मारलंस तिला," ती म्हणाली. "मारलंस आणि कड्या काढून घेतल्यास."

आणि तिने शोक सुरू केला, आमच्यात मेलेल्या माणसासाठी गातात तो. आईवेगळ्या पोरीला पाठीवर बांधून शेतावर कसं नेलं, कोणत्या हंगामात कोणती कडी घातली, एकेक आठवून ती गात होती. उसुन हातभर अंतरावर बसून स्वतःचा शोक ऐकत होती. एकदाच तिने तोंड उघडलं. तिचा आवाज ऐकून म्हातारी इतकी थरथरली, की मग उसुन काही बोललीच नाही. पाणी पाजायलाही तिने सुनेलाच पुढे केलं.

शुक्रवारी हुनाय गेली, बहीण आधीच गेली असं समजून. पेटी मिटण्याआधी उसुनने सगळ्या कड्या तिच्या हाताशी ठेवल्या. पाद्रींनी त्या तिथेच राहू दिल्या.

येताना बोटीत उसुन सारखी शिवणीवर नख घासत होती. मी हात धरला की थांबे, सोडला की पुन्हा सुरू.

"बुलानची आई," तिने एकदाच विचारलं, "डॉक्टर जोडून देत होते ना?"

"हो," मी म्हणाले.

आत्ता ती आतल्या खोलीत निजली आहे. ती निजण्याआधी मी कांदे चिरत होते, तर म्हणाली, दे, मी चिरते. चिरायला घेण्याआधी तिचे दोन्ही हात कानांखाली गेले, पाळ्या मागे टाकायला, आणि तसेच अधांतरी राहिले. मी कांदे परत घेतले.

वही पुन्हा उघडून आजच्या पानावर एक ओळ वाढवली: उसुनच्या उशीची खोळ शिवणीच्या रक्ताने डागळली, बदलून गार पाण्यात भिजत घातली आहे.