खालच्या गल्लीतल्या दोन खोल्या

घर कसं पाहावं हे आमच्याकडे कुणालाच कळत नाही. आणि आपल्याला कळतं असं ज्याला वाटतं, तो सगळ्यांत मोठा गाढव. हे मी स्वतःवरून सांगतो.

वऱ्हाड प्रांत मुंबई राज्यात गेला त्या साली माझी धाकटी बहीण सातवी पास झाली आणि वाशिमात मास्तरणींच्या ट्रेनिंगच्या वर्गाला तिचं नाव लागलं. मुलींना वसतिगृह नव्हतं. मुलगी शहरात घरच्या माणसाजवळ राहिली पाहिजे, असं अर्जावरच लिहिलेलं. आमचा मळा जऊळका स्टेशनाजवळ. वांगी, मेथी, कोथिंबीर आगगाडीनं वाशिमच्या बाजारात जाई, पण रोज जाऊन येऊन शिकणं गाड्यांच्या वेळेत बसत नव्हतं. मी वाशिमातच होतो, पण छापखान्यामागच्या एका खोलीत चौघं जण पथारी टाकायचो. तिथं बहिणीला नेणार कुठं? भाड्याच्या घराला बाबांची ना. मालक कधी ‘उठा’ म्हणेल याचा नेम नाही, म्हणाले. पण स्वतःच्या दोन खोल्या मिळाल्या आणि वस्ती चांगली निघाली, तर माय तिच्याजवळ राहील, एवढं त्यांनी कबूल केलं आणि मळ्याच्या कडेचा एक तुकडा विकायला काढला. वर्ग सुरू व्हायला महिना होता.

खोल्या शोधायचं काम माझ्याकडे. मी पत्रकं काढतो, चौकात बोलतो, म्हणजे मला अख्खं शहर माहीत, असा घरच्यांचा समज होता. माझाही होता.

पहिल्यांदा मायला वरच्या गल्लीत नेलं. तिथं एका दुमजली घराची भावाभावांत वाटणी झाली होती आणि मधला भाऊ माडीवरचा आपला हिस्सा विकत होता. गल्ली नावाजलेली. फरशी, दारात तुळस, ओट्यावर धोतरवाली माणसं पान लावत बसलेली. खोल्या मात्र अंधाऱ्या, भिंतीला ओल, आणि पाण्याची विहीर दोन वळणं पलीकडे. मी ओलीबद्दल विचारलं तर विकणारा म्हणाला, इथं भिंत नाही विकत घ्यायची, शेजार घ्यायचा. मग त्यानं आम्ही कोण, कुठले, भाजी स्वतः विकता की अडत्याला देता, हे सगळं खोदून विचारलं. मी तापलो. स्वराज्य येऊन इतकी वर्षं झाली आणि अजून घराची किंमत ओट्यावर कोण बसतं त्यावर ठरते!

मायचं लक्ष आमच्या बोलण्याकडे नव्हतंच. आमच्या बायांची घर पाहायची एक रीत आहे. सौदा बोलण्याआधी बाई हातात खापर घेऊन आजूबाजूच्या चार दारांत विस्तव मागायला जाते. नव्या, अनोळखी बाईला चुलीतला निखारा जे दार देतं, ते अडल्या वेळेला उघडतं. मी तिची थट्टा केली होती, म्हटलं, काड्यापेटी घेऊन देतो, कायले दारोदार हिंडतेस? ती म्हणाली, ‘‘पेटी दुकानात भेटते रे. शेजार नाई भेटत.’’

वरच्या गल्लीत चार दारांत तिला विस्तव मिळाला नाही. चूल विझली, म्हणे. चारही घरांच्या कौलांतून धूर निघत होता. माय खापर पदराखाली घेऊन परत आली आणि म्हणाली, चाल.

मग मी तिला खालच्या गल्लीत नेलं. तिथल्या दोन खोल्या माझ्या आधीच मनात भरल्या होत्या. त्याही माडीवरच्या, पण जिना वेगळा, दाराला आतून अडसर, खिडकी पूर्वेला, विहीर समोर, आणि जिन्याच्या तोंडाशी म्युनिसिपल कमिटीचा दिवा. भाव वरच्या गल्लीच्या निम्मासुद्धा नव्हता. इतका का पडला, हे मी कुणाला विचारलं नाही. आपण हुशार, आपल्याला सौदा सापडला, एवढंच डोक्यात.

पहिल्याच दारात मायला विस्तव मिळाला. पापड लाटून विकणारी एक विधवा बाई होती. तिनं गोवरीवर दोन निखारे ठेवले, वरून राख घातली, मायला बसवून पाणी दिलं आणि कोणासाठी घर घेता ते विचारलं. बहिणीचं ऐकून म्हणाली, माझीही तेवढीच पोरगी आहे, दोघी संगं जातील येतील, तुम्ही मळ्यावर गेलात तरी घोर करू नका. मायचा चेहरा मी इतका मोकळा क्वचित पाहिला आहे.

तेवढ्यात मी जिन्यावरून वितीनं भिंत मोजत खाली आलो. बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिली.

‘‘हा तुमचा पोरगा होय? कागदवाला?’’

मी हसून होय म्हणालो. ओळख निघाली याचा आनंद झाला होता मला.

‘‘तुया कागदानं माया पोरीचं जमलेलं मोडलं, बाप्पा,’’ ती म्हणाली. आवाज जराही चढवला नाही. ‘‘रिसोडचे पाहुणे होते. त्याईले कोनंतरी वाचून दाखवला.’’

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. या गल्लीत उघडी नाली होती आणि दिवा नव्हता. अंधारात एक म्हातारी नालीत पडली, तिचा पाय मोडला. कमिटीला चार अर्ज दिले, कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग मी पत्रक काढलं. म्हातारीच्या मोडक्या पायाचं कुणाला काय वाटणार? म्हणून मी लिहिलं की अंधार पडल्यावर या गल्लीत अब्रूदार बाईनं पाऊल टाकू नये. काम झालं. महिन्यात नालीवर फरशी पडली, दिवा लागला. त्या दिव्याकडे बोट दाखवून मी कितीतरी लोकांना सांगितलं आहे की लेखणी काय करू शकते.

बाईपुढे मी उगाच पुन्हा भिंत मोजू लागलो. तरी तिनं मायला म्हटलं की पोरीला धाडा, तिचा काय दोष.

दुसऱ्या दिवशी मळ्यावर मायनं बाबांना सगळं सांगितलं, विस्तवाचं तर दोनदा. बाबांनी गल्ली कोणती ते विचारलं. नाव ऐकल्यावर उठले आणि आतून ट्रंकेतली गठडी घेऊन आले. माझी सगळी पत्रकं होती त्यात. बाबांना अक्षर येत नाही. स्टेशनातला पोर्टर त्यांना ती वाचून दाखवी आणि ते जपून ठेवत, हे मला माहीतसुद्धा नव्हतं. त्यांनी एकेक कागद चाळला आणि नेमका तोच काढला. वरचं दिव्याचं चित्र त्यांना ओळखू आलं. कागद त्यांनी बहिणीच्या हातात दिला.

शाळेत धडा वाचावा तसं तिनं ते स्पष्ट वाचलं. अब्रूच्या ओळीवरही थांबली नाही. वाचून झालं, घडी घातली आणि परत दिला.

मी सांगू लागलो की ते नालीसाठी लिहिलं होतं, त्या गल्लीत तसं कधी काही घडलेलं नाही, गल्ली चांगली आहे.

‘‘तवा खोटं लिवलं, का आता खोटं बोलून राह्यला?’’ बाबांनी विचारलं.

‘‘तवा... वाढवून लिहिलं.’’

‘‘छापून?’’

पाटलाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, छापील कागद मागा, हे मीच त्यांना दहा वर्षं शिकवलं होतं. माय म्हणाली, कागदाचं काय घेऊन बसले, मी त्या बाईच्या चुलीचा विस्तव आणला आहे. बाबा म्हणाले, तो एका बाईनं पाहिला, कागद साऱ्या तालुक्यानं. लग्नाला पाहुणे येतील तेव्हा पोरगी कुठं राहत होती ते विचारतील.

मी पुन्हा पत्रक काढायला निघालो, गल्ली चांगली आहे म्हणून. बहीणच म्हणाली, ‘‘राहू दे दादा. मंग तर सारेच विचारतीन, हे काहून छापलं.’’

महिना असाच गेला. खोल्या एका धान्याच्या व्यापाऱ्यानं घेतल्या आणि त्यात पोती भरली. जिन्यावरचा दिवा आता पोत्यांना उजेड देतो. बहिणीची जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. पुढच्या साली बघू, असं बाबा म्हणाले. ती आता मेथीच्या जुड्या बांधते, आणि मी घरी गेलो की माझ्याशी पिकापाण्याचं तेवढं बोलते.

परवा बाजाराच्या दिवशी खालच्या गल्लीवरून जात होतो. त्या बाईच्या ओट्यावर आमची वांग्याची टोपली दिसली. राखायला कुणी नाही. बाबा वळणावरून चहा पिऊन सावकाश येत होते. त्यांच्या निवांत चालीवरूनच मला कळलं की हे आजचं नव्हे. दर बाजाराला ते टोपली इथंच ठेवून जातात.

‘‘बाबा, टोपली बरी ठेवता इथं,’’ मी म्हणालो. ‘‘इथं भेव नाही वाटत?’’

त्यांनी टोपली उचलून डोक्यावर घेतली.

‘‘टोपलीले कोन नाव ठेवते?’’ ते म्हणाले आणि बाजाराकडे चालू लागले.

दारात ती बाई उभी होती. तिनं ऐकलं. टोपलीखालची चुंबळ ओट्यावरच राहिली होती, ती उचलून तिनं माझ्या हातात दिली, बाबांना नेऊन दे म्हणून.