पंचेचाळिसाव्या वर्षाची तालीम

माझ्या नवऱ्याला कामावर सगळे 'पंचेचाळीस' म्हणतात. खरं नाव हजेरीपटावर आहे, पण हाक मारताना ते कुणाला आठवत नाही. “पंचेचाळीस, बँकेच्या इमारतीतली लिफ्ट अडकलीये, पळ,” असा फोन येतो आणि हा पळतो. आता तो सत्तेचाळीस वर्षांचा आहे, तरी नाव तेच राहिलं. नवा आकडा ठरलाय, नाही असं नाही. पण तो मी त्याला कुणालाही सांगू दिलेला नाही. एकदा हसं झालं तेवढं पुरे.

तो लिफ्ट दुरुस्त करतो. मी एका बाईंच्या दुकानात पडदे शिवते. म्हणजे लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायच्या, कापड बेतायचं, चुण्या घालायच्या, शिवायचं आणि मग शिडीवर चढून ते टांगायचे. दोघांचाही जन्म वर-खाली करण्यात चाललाय, आणि राहतो मात्र तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. हा विनोद आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा धापा टाकत टाकत करतो, आणि तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला अशा थाटात हसतो. आम्हीही हसतो, पाणी देतो.

पंचेचाळीसचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं तेव्हा तो अडतीसचा होता. ज्यांच्या हाताखाली तो काम शिकला ते उस्ताद साठाव्या वर्षी निवृत्त झाले. कंपनीनं निरोपाला आरामखुर्ची दिली. उस्तादांचे गुडघे तोवर इतके गेले होते, की ते त्या खुर्चीत बसले आणि त्यांना उठवायला दोन माणसं लागली. सगळे हसले म्हणे. माझा नवरा मात्र घरी आला आणि जेवला नाही. रात्री म्हणाला की मोकळीक मिळाली, पण ती वापरायला शरीरात काही उरलंच नाही, तर काय करायची ती? दुसऱ्या दिवशी येताना कोरी करकरीत वही घेऊन आला आणि पहिल्या पानावर भला मोठा आकडा काढला.

'आर्थिक स्वातंत्र्य' हा शब्द त्यानं कुठल्याशा व्याख्यानात ऐकला होता. तो उच्चारताना त्याचा आवाज आपोआप खाली यायचा, दवाखान्यात बोलतात तसा. पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला राजीनामा द्यायचा, आणि मग पुढचं आयुष्य आपल्या मर्जीनं. साठवलेल्या पैशाचं व्याज येत राहील, लेकीचं शिक्षण होईल, कुणाच्या फोनवर धावायचं नाही. “आपण मोकळे होऊ,” असं तो म्हणायचा. नेहमी 'आपण'. मीही ते 'आपण' पदराला गाठ मारून ठेवलं होतं.

मग घरात नवीन घडी बसली. माझ्या पगारात घर चालायचं आणि त्याचा पगार वहीत जायचा. वर रविवारच्या, सुट्टीच्या दिवसांच्या तातडीच्या पाळ्या हा दुसऱ्यांच्या मागून घ्यायचा. फ्रिजच्या दाराला चिकटपट्टी लागली. आमची लेक म्हणायची, फ्रिजलासुद्धा बाबांनी पंचेचाळीसपर्यंत थांबायला सांगितलंय. मी चिडायचे, खोटं कशाला बोलू. दोन-चार वेळा वही जिन्यावरून खाली भिरकावून देईन असं बोललेही. पण घरात एक तरी माणूस पुढचं काहीतरी बघत असला की बरं वाटतं. भिंतीला खिडकी पडल्यासारखं वाटतं. म्हणून मी त्याची थट्टा केली, पण त्याला अडवलं कधी नाही.

आणि मग ती तालीम. उस्तादांना म्हणे रिकामं बसता येईना, बायकोशी भांडण काढायचे. तेव्हा आमच्या शहाण्यानं ठरवलं की मोकळं राहण्याचाही सराव हवा. दर वाढदिवसाला रजा घ्यायची आणि आपण मोकळे झालोच आहोत असं धरून दिवस काढायचा. पहिल्या तालमीला पहाटे साडेपाचला जाग आली, तर हा हट्टानं नऊपर्यंत डोळे मिटून पडून राहिला. नंतर घरातले झाडून सगळे स्क्रू आवळले आणि माझी रिळं जाडीप्रमाणे लावून ठेवली. मी ती रंगांप्रमाणे लावते. पुन्हा लावायला मला दोन संध्याकाळी लागल्या. दुसऱ्या वर्षी बागेत जाऊन बसतो म्हणाला आणि बाराला परत आला, कपडे काळे करून. समोरच्या इमारतीत कुणीतरी बाई पिशव्यांसकट लिफ्टमध्ये अडकली होती.

तिसऱ्या वर्षी मात्र त्याला जमलं. मी डबा घेऊन निघाले, खाली फाटकाशी पोचले आणि वर पाहिलं तर हा बाल्कनीत उभा, हातात चहाचा कप, चेहऱ्यावर असं सुख की बघत राहावं. मला हात हलवला. मीही हलवला आणि कामाला गेले. पुढे दर वर्षी तेच. तो वर, मी खाली, हात हलवायचा आणि निघायचं. मला ते फार गोड वाटायचं. त्यात काही खटकण्यासारखं आहे हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नाही आणि माझ्याही नाही.

तो त्रेचाळीसचा असताना माझा उजवा खांदा धरला. आधी वाटलं, शिडीवर वाकडंतिकडं झालं असेल. मग हात छातीच्या वर जाईनासा झाला. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने शिवण बंद, शिडी बंद, रोज व्यायाम. मी मनात हिशेब केला: तीन महिने पगार नाही, म्हणजे घर त्याच्या पगारातून, म्हणजे तारीख पुढे. एवढी वर्षं कळ काढली, आता काठावर येऊन कुठे मोडता घालायचा? दीड वर्षानं दोघंही बसणारच आहोत की घरी. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद मी बटणांच्या डब्यात तळाशी ठेवला. केस डाव्या हातानं विंचरायला शिकले, त्याच्या वाढदिवसाला फाटकाशी हातही डावाच हलवला. दुकानातल्या दुसऱ्या बाईला शिडीवर चढवायचे आणि मी खालून चुण्या सारख्या करायचे. हा सातला घराबाहेर पडतो, त्याला काय दिसणार?

पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला पंधरा दिवस होते. रविवारी दुपारी त्यानं वही माझ्यापुढे ठेवली. बँकेत दाखवायला सगळी आकडेमोड नीट उतरवून हवी होती आणि राजीनाम्याचा अर्जही. त्याच्या कागदाला ग्रीसचे डाग पडतात. माझं अक्षर चांगलं आहे. मी कौतुकानं लिहायला बसले. व्याज, लेकीची फी, औषधपाणी असं उतरवत खाली आले आणि सातव्या ओळीवर पेन थांबलं. तिथे लिहिलं होतं: 'घरखर्च. तिचा पगार. तिच्या वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत.'

मी पुन्हा वाचलं. मग शांतपणे विचारलं, हे काय आहे. त्यानं वाकून पाहिलं आणि इतक्या सहज सांगितलं की जणू एखाद्या बटणाचं काम समजावतोय: घर तुझ्या पगारावर चालतंच आहे ना, म्हणून त्याची वेगळी तरतूद करावी लागली नाही, तिथेच तर सात वर्षं वाचली. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हेच मला जास्त लागलं. सात वर्षं ज्या दिवसाकडे मी डोळे लावून बसले होते, त्या दिवशी मी सकाळी डबा घेऊन कामावर निघणार होते.

मी भांडले नाही. त्याचा अर्ज सुवाच्य अक्षरात लिहिला. मग दुसरा कागद घेतला आणि दुकानाच्या बाईंच्या नावानं तसाच आणखी एक अर्ज लिहिला. दोन्ही त्याच्यापुढे ठेवले.

“हा दुसरा कुणाचा?”

“माझा. मीही थकलेय.”

तो हसला, त्याला वाटलं, मी फिरकी घेतेय. मग माझ्याकडे पाहिल्यावर हसू मावळलं. म्हणाला, असं केलं तर सगळा हिशेबच कोसळेल.

त्यानंच मला एकदा समजावलं होतं, की लिफ्टची केबिन नुसत्या मोटरच्या जोरावर वर जात नाही. दोरांच्या दुसऱ्या टोकाला, पलीकडच्या भिंतीलगत, लोखंडी वजनांची एक चौकट असते. केबिन वर चढते तेव्हा ती खाली उतरते. आत उभी असलेली माणसं आरशात केस नीट करत असतात, त्यांना तिचा पत्ताही नसतो. मला ते आठवलं.

“केबिनमध्ये तू आहेस,” मी म्हणाले. “मग मागचं वजन कोण आहे, ते या वहीत बघ.”

त्याला माणसांपेक्षा लिफ्ट लवकर कळते. त्यानं सातवी ओळ पुन्हा वाचली. मग वही मिटली, आपल्या अर्जाची घडी करून शर्टाच्या खिशात घातली आणि खाली फिरायला गेला. पुढचे दिवस आम्ही जेवढ्यास तेवढं बोलत होतो. अर्ज त्यानंही दिला नाही, नुसता रोज या शर्टातून त्या शर्टात घालत राहिला; मीही दिला नाही. खांद्याचं मी तेव्हाही सांगितलं नाही. म्हटलं, दिसलं तर दिसू दे, मी तोंडानं सांगणार नाही. माझाही स्वभाव काही साधा नाही.

वाढदिवस उजाडला. रजा त्यानं नेहमीप्रमाणे घेतलीच होती. मी उठले तर हा अंघोळ करून, डबा भरून तयार. डबा त्याचा की माझा, कळेना. म्हणाला, दुकानाच्या बाईंना त्यानं कालच फोन केलाय. आज ज्या घरी पडदे लावायचेत तिथे तोच जाणार, नळ्या आणि स्क्रूच तर आहेत.

“आज तालीम तुझी,” तो म्हणाला.

मी म्हटलं, उलटे लावशील. तरी त्यानं माझी मोजपट्टी गळ्यात अडकवली, माझी कामाची पिशवी खांद्याला लावली आणि जिना उतरून गेला. लेक शाळेत गेली होती. घरात मी एकटी. चहा केला, कप डाव्या हातात घेतला आणि बाल्कनीत आले. इतक्या वर्षांत सकाळच्या त्या वेळेला मी तिथे कधी उभीच नव्हते. ऊन थेट पायांवर येत होतं. खरंच बरं वाटत होतं. त्याच्या चेहऱ्यावरच्या त्या सुखाचा अर्थ मला तेव्हा कळला.

खाली फाटकाशी पोचून त्यानं वर पाहिलं आणि हात हलवला. मी सवयीनं उजवा हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच अडला. मग मी घाईघाईनं कप कठड्यावर ठेवला आणि डावा हात हलवला. सगळं मिळून पाच-सहा सेकंद.

दुसरा कुणी असता तर हात हलवून गेला असता. पण ह्या माणसाची वीस वर्षं अंधाऱ्या खड्ड्यात उभं राहून वर बघण्यात गेलीत. कुठला भाग हलायला हवा आणि हलत नाही, एवढंच बघण्यात. त्याचा हात हवेत तसाच राहिला. मग तो वळला आणि जिन्यात त्याची पावलं वाजायला लागली. तीन मजले तो कुठे थांबला नाही.

दारात उभा राहिला, धापा टाकत, गळ्यात मोजपट्टी.

“उजवा हात वर कर.”

मी म्हटलं, उशीर होतोय, जा. तो तिथेच उभा राहिला. मी हात जिथवर जातो तिथवर नेला.

“कधीपासून?”

“दीड वर्ष.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुझी तारीख पुढे गेली असती.”

तो चपलांच्या शेजारी जमिनीवर बसला आणि रडला. मलाही आवरेना. किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर चहा गार होऊन गेला. मग त्यानं डोळे पुसले आणि डॉक्टरांचा कागद मागितला. मी बटणांचा डबा आणून दिला. त्यानं कागद शोधला, तो अगदी सावकाश वाचला. आधी दुकानाच्या बाईंना फोन करून सांगितलं, की पडदे उद्या लागतील आणि ही आता तीन महिने येणार नाही. दवाखान्याचा नंबर त्या जुन्या कागदावर पुसट झाला होता. तो त्यानं उजेडात धरून वाचला, शर्टाच्या खिशातून घडी केलेला दुसरा कागद काढला आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या आकड्यांत उतरवून घेतला. तो त्याचा राजीनाम्याचा अर्ज होता, माझ्याच अक्षरातला. फोन लागेपर्यंत माझा उजवा हात त्यानं धरून ठेवला.