यंत्राशी अहोजाहो

काळवंडलेली पिवळी वस्तू दिसली की तिला चिंच लावायची, एवढीच अक्कल मला साठीपर्यंत होती. म्हणून दसऱ्याच्या आदल्या दिवशी, लेकाने आणलेल्या स्पीकरच्या खाचेतल्या बारीक पिवळ्या पिना काळ्या पडलेल्या पाहून मी देवघरातली समई आणि तो स्पीकर एकाच बैठकीत घासून काढले. समई लखलखली. स्पीकर मुका झाला.

एरवी मी हसले असते. पण लकव्याने ह्यांची वाचा गेली होती. स्वतःहून एक शब्द येत नसे. मात्र त्या खाचेत गाण्यांचा बोटभर प्लेयर उभा केला, ओळखीचं गाणं लागलं, की मागोमाग ओळ यायची. डॉक्टर म्हणाले होते, गाणं थांबवू नका, बोलणं यातूनच परतेल. आणि मी ते चिंचेने थांबवलं!

बिघडलेल्या यंत्राला बोलतं करणारा समोरच्या भाऊजींसारखा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नसेल. घराणं उमरेडच्या विणकरांचं. वडील म्हणे मागावरचा तुटलेला धागा नुसत्या आवाजावरून ओळखायचे. भाऊजींची नोकरी टेलिफोनच्या तारांत गेली, पण कान तेच. यंत्राला अहोजाहो करायचं आणि मालकाची उलटतपासणी घ्यायची, ही त्यांची रीत. एकीचा मिक्सर बिघडला, तर झाकणही न उघडता विचारलं, "सासूबाईंशी कधी वाजलं?" ती म्हणाली, "काल सकाळी." मिक्सर तेव्हाच आपटला गेला होता.

आमच्याकडे आले, ह्यांच्या खाटेशी बसले, निवांत चहा प्यायले आणि स्पीकरला म्हणाले, "बोला साहेब, काहून रुसले?" मग माझ्याकडे वळले, "वहिनी, काय केलं तुम्ही?"

"मी कशाला काय करू? आपोआप बंद पडला!"

त्यांनी प्लेयर हेडफोनवर ऐकला, गात होता. स्पीकरच्या पाठीमागे वायर लावून मोबाइल जोडला. तोही खणखणीत वाजला. "दोघंही निर्दोष. भांडण मधल्या खाचेत आहे," म्हणत त्यांनी तिथे नाक खुपसलं. "वहिनी, सांबार करून राहिल्या होत्या काय यात?"

खाटेवर हे खुदखुदले. मी कबूल झाले.

"वायरवर चालवा की," मी म्हटलं.

"खाच मुकी ठेवून जाऊ? मले जमणार नाही."

दुपारपर्यंत एकेक पिन त्यांनी स्पिरिटने पुसली, सुईने सरळ केली, फुंकून वाळवली. प्लेयर उभा केला. गाणं लागलं, मागोमाग ह्यांचे शब्द आले. माझे डोळे भरतात न भरतात, तोच भाऊजींनी ओळीच्या मध्येच बटण दाबून सगळं बंद केलं. तीनदा बंद-चालू केल्याशिवाय दुरुस्तीवर त्यांचा विश्वासच बसत नाही.

पुढे हे चार वर्षं बोलले, भांडले, आता नाहीत. भाऊजी वाडीला लेकीकडे राहतात, हात कापतात म्हणे. मला मात्र त्या दिवशीची ती घटकाभराची शांतता अजून ऐकू येते. बटण भाऊजींनी दाबलेलं, पण चाळीस वर्षांच्या सवयीने ह्यांनी आठ्या घालून माझ्याकडेच पाहिलं, आणि गाण्याचा हात न धरता म्हणाले,

"लाव ना वं!"