देवीचा डावा डोळा

निलंग्याच्या लिंबाजी पेंटरची रेघ अशी, की पट्टी लावून तपासा, केसाचा फरक सापडायचा नाही. फ्लेक्स आले आणि दुकानांच्या पाट्या गेल्या, तेव्हा देवळांच्या भिंती तेवढ्या त्याच्या वाट्याला राहिल्या. दहा गावांत त्यानं मारुती, महादेव रंगवले. लोक थांबून बघत आणि म्हणत, "काय हात हाय लिंबाजीचा." त्या देवांपुढं हात मात्र कुणी जोडत नसे, आणि हे त्याला तीस वर्षांनी कळलं.

कळलं ते शीलामुळं. शीला अंगणवाडीत मदतनीस. पोरांसाठी भिंतीवर आंबे, पोपट काढायची, एवढीच तिची कला. नवरात्रात तिनं गल्लीतल्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर देवी काढली. खांदे वरखाली, हात बोजड, डावा डोळा उजव्यापेक्षा बोटभर खाली. आणि बाया त्या देवीपुढं बसून घरातलं सगळं सांगायला लागल्या. लिंबाजीची बायको रुक्मिणबाईसुद्धा. नवऱ्याच्या देवांबद्दल "रंग बरा हाय" याच्यापुढं जी कधी गेली नाही, ती रोज सकाळी तिथं अर्धा अर्धा तास बसू लागली. पिकतं तिथं विकत नाही हे खरं, पण म्हणून शेजारणीचं घ्यावं? लिंबाजीच्या अंगाचा तिळपापड झाला.

येता-जाता तो त्या भिंतीपुढं उभा राहून चुका शोधायचा. सहा महिने एक दिवस चुकला नाही. शीला दिसली की गोड बोलायचा आणि घरी येऊन भाकरीवर राग काढायचा.

चैत्रातली जत्रा जवळ आली तसे देवळाचे पंच भगवानराव त्याला म्हणाले, "तेवढा डोळा बरुबर करून टाक. पाव्हणे हसतेत." लिंबाजी याचीच वाट बघत होता. शीलाला विचारायची गरज त्याला वाटली नाही. तासाभरात त्यानं डोळा उजव्याच्या रेषेत आणला. भगवानराव खूश झाले.

दुसऱ्या दिवशी रुक्मिणबाई गेली तशीच परतली. डोळा कुणी बदलला, हे तिला ठाऊक नव्हतं.

"आज कायबी बोलावं वाटलं न्हाई," ती म्हणाली. "तिनं वळखलंच न्हाई मला."

त्यानंतर ती गेलीच नाही. तिथं सांगायची ते तिनं घरातही कुणाला सांगितलं नाही. आपण जिंकलो, असं लिंबाजीनं स्वतःला चार दिवस बजावून पाहिलं. पाचव्या दिवशी तो अंगणवाडीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"डोळा मी बिघडवला, शीला. जळत होतो तुझ्यावर. तू पुन्हा काढ."

शीला ब्रश घेऊन देवळाच्या भिंतीपुढं आली आणि त्याच्याकडं वळली.

"मामा, पयला कसा हुता? मी मोजूनमापून काढला नव्हता. ध्यानातच न्हाई माझ्या."

लिंबाजीनं खडू उचलला. "बुबुळ इथं. वरची पापणी जाड, खालची नव्हतीच. या कोपऱ्यात रंग जरा ओघळला होता, तो तू पुसला नव्हतास." तो सांगत गेला, ती काढत गेली.

"इतकं तर मीबी बघितलं नव्हतं, मामा," शीला म्हणाली.

लिंबाजी मान खाली घालून हातातला खडू चुरत राहिला. गल्लीतल्या बाया देवीपुढं डोळे मिटून बसत. सहा महिने रोज तिच्याकडं डोळे उघडे ठेवून बघितलं होतं ते एकट्या त्यानं, आणि तेही जळत.