ओटीचे तांदूळ पाठीवर

ओझं मी लहानपणापासून डोक्यावर घेतलं. लाकडाची मोळी, पाण्याचा हंडा, भाताचा भारा, सगळं डोक्यावर. त्यामुळे ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, साओ पावलोच्या जुन्या बाजारातून पाठीवरच्या दोन पिशव्या आणल्या आणि एक माझ्या खांद्यांत अडकवली, तेव्हा मला मागून कोणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटलं. पट्ट्याखाली पदर ओढला जायचा. बस स्टँडच्या गर्दीत मी ती काढून सरळ डोक्यावर ठेवली. चुंबळ नव्हती तरी नीट बसली. माणसं थांबून बघायला लागली. एका मुलीने फोटो काढला.

"उतरव गो," हे म्हणाले. "सगळे बघतात आपल्याला."

मी उतरवली. पुढचा सगळा प्रवास पाठीवरच केला.

हे वाशिंदच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्याने ब्राझीलमध्ये यंत्रं विकली, ती बसवून द्यायला तिघांना पाठवलं. तिकडे ताटात गाईचं मांस. सुरुवातीला तिघे पाव आणि केळी खाऊन राहिले. मग मालकाने विचारलं, कोणाची बायको रांधायला जाईल का. बाकी दोघांच्या घरी लहान पोरं होती. आम्हाला मूल नाही, म्हणून मी गेले.

निघायच्या आधी मी माहेरी गेले. माहेर मुरबाडच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. आईला दमा होता. ती खांबाला टेकून बसलेली असायची, पण माझी ओटी भरायला उठली. आपल्याच शेतातले लालसर तांदूळ, त्यावर हळदकुंकू, नारळ, सुपारी, खण. सगळं माझ्या पदरात घालून तिला धाप लागली. थोडं थांबून म्हणाली, "नारळ फोडून खा. तांदूळ ठेव. परत आलीस का आपल्या चुलीवर शिजव, नि पयला घास मला आणून दे. तवर मी कुठं जात नाय."

भाऊ दारात उभा होता. तो हसला. "यमाला सांगून ठेवलंस काय गो आई?"

"तू गप रे. मी लेकीशी बोलते."

आमच्याकडे ओटीचे तांदूळ टाकत नाहीत, दुसऱ्याला देत नाहीत. आपल्या घरात शिजवून खातात. साओ पावलोत कंपनीने दिलेल्या खोलीत मी तिघांसाठी रोज दुकानातला भात शिजवला, पण हे तांदूळ खणात बांधून तसेच ठेवले. ती खोली काही माझं घर नव्हती.

काम संपलं. बाकीचे दोघे विमानाने परत गेले. ह्यांनी आमची तिकिटं पुढे ढकलून घेतली आणि मला मग सांगितलं.

"एवढ्या लांब आलो. अजून दोन देश बघू. परत कोण आणणार हाय आपल्याला?"

"आई," मी म्हटलं.

"मागल्या फोनवर बरी होती ना?"

बरी होती असं भाऊ म्हणाला होता. माझ्या तोंडात शब्द उशिरा येतो, आणि तो येईपर्यंत समोरचा उठून गेलेला असतो. पण मनात एकच होतं, घरी पोचायचं आणि ते तांदूळ शिजवायचे.

आम्ही बसने ब्युनोस आयर्सला गेलो. तिथला एक रस्ता इतका रुंद, की अर्ध्यात पोचेपर्यंत सिग्नल बदलायचा. मग मध्येच उभं राहायचं, दोन्हीकडून गाड्या. ह्यांना त्याचं हसू यायचं, मला चक्कर यायची. एकावर एक खाटा असलेल्या खोल्यांत उतरायचो. तिथे पाठीवर पिशव्या घेतलेली बरीच जोडपी भेटायची, तरणी, गोरी. ती हातात हात घालून, बोलत बोलत चालायची. आमच्या सबंध गावाला पुरेल एवढा रुंद फूटपाथ असायचा, आणि आम्ही त्यावरून एकामागे एक चालायचो, शेताच्या बांधावरून चालल्यासारखे. हे पुढे, मी मागे. मधूनमधून हे वळून बघायचे, मी आहे ना.

तिथे संध्याकाळी बागेत बसलो, तरी ह्यांची नजर कुठेतरी लांब असायची. फिरायला निघालेल्या माणसाचं तोंड असं नसतं, असं मला वाटायचं. विचारलं नाही.

मोबाइल तेव्हा आमच्या माहेरच्या गावात आला नव्हता. दुकानात फोन होता. आधी दुकानदाराला सांगायचं, भावाला बोलावून ठेव, मग थोड्या वेळाने परत लावायचा. ब्युनोस आयर्सच्या फोनच्या दुकानात काचेच्या खोक्यात बसून मी परत लावला.

"कुठं हाय तू?" भाऊ म्हणाला.

मी गावाचं नाव सांगितलं. त्याला ते कळलं नाही.

"आई गेली," तो म्हणाला. "तेरावं पण झालं. कुठं कळवायचं होतं तुला, सांग. तुमचा काय पत्ता हाय काय?"

"काय बोलली काय ती?"

"श्वास पुरत नव्हता गो तिला. बोलते कसली." मग म्हणाला, "ये तू. सावकाश ये. आता घाई काय नाय."

बाहेर हे पायरीवर बसले होते. मी सांगितल्यावर हे मागे टेकायला गेले, पण पाठीवर पिशवी होती, टेकता आलं नाही. तसेच वाकून बसून राहिले. म्हणाले, परत फिरू. विमानाच्या हापिसात जाऊन आलो. आमच्या तिकिटाच्या तारखेआधी जागा नव्हती.

लग्न झालेल्या लेकीला आईचं सुतक तीन दिवस. कळल्या कळल्या मी नेसत्या साडीनिशी डोक्यावरून आंघोळ केली. न्हाणीघर सगळ्यांचं एकच होतं. बाहेर एक मुलगी दार ठोकत होती, तिच्या भाषेत काहीतरी म्हणत होती, बहुतेक लवकर कर असंच. तीन दिवस मी चुलीला हात लावला नाही. ह्यांनी खिचडी केली, ती रोज खाली लागायची. चौथ्या दिवशी आम्ही पुढच्या बसमध्ये बसलो. तिकीट आधीच काढलेलं होतं, आणि त्या खोलीत बसून राहण्यापेक्षा बसमध्ये बसणं बरं होतं.

ती बस चिली देशातल्या सान्तियागो शहराला जाणारी. मध्ये मोठे डोंगर. इतके उंच डोंगर मी पाहिले नव्हते आणि इतके उघडेही. आमच्या डोंगरावर ऐन उन्हाळ्यात करवंदीची जाळी तरी असते. इथे झुडूपसुद्धा नाही, नुसता दगड. खणात बांधलेले तांदूळ मी मांडीवर घेऊन बसले होते. आईला पहिला घास आता देता येणार नव्हता, पण तांदूळ घरी न्यायचे, चूल पेटवून शिजवायचे, एवढं तरी माझ्या हातात होतं.

वर डोंगरात दोन देशांचा नाका आला. कंडक्टरने ह्यांना तोडक्या इंग्रजीत सांगितलं: फळं, बी-बियाणं, धान्य पलीकडे न्यायला बंदी. असेल ते इथे खाऊन टाका, नाहीतर ड्रममध्ये टाका. सगळी बस खाली उतरली. लोक केळी सोलत होते, सफरचंदं चावत होते, एकमेकांना देत होते, हसत होते. एका म्हातारीने मला अर्धं सफरचंद दिलं. मी ते खाल्लं.

हे माझ्या हातातल्या खणाकडे बघत होते.

"ते टाकावं लागेल गो."

"नाय."

"अगो, पकडतील. कुत्रा हाय त्यांच्याकडे."

"कुत्रा तांदूळ खातो काय?"

"खात नाय, वास घेतो."

"मग मीच खाते."

"कच्चे?"

"ही माणसं सफरचंदं शिजवून खातात काय?"

मी बसच्या पायरीवर बसले आणि खण सोडला. कुंकू तांदळाला धरून राहिलं होतं. पहिली चिमूट तोंडात टाकली. कच्चा तांदूळ पटकन खाल्ला जात नाही. आधी दाताखाली कडकड वाजतो, मग त्याचं दूध होतं. मी चावत राहिले. लोक बघत होते. एरवी मी मान खाली घातली असती.

हे थोडा वेळ उभे राहिले. मग पाठीवरची पिशवी उतरवून माझ्या शेजारी बसले आणि तळहात पुढे केला. ओटीत पुरुषाने हात घालायचा नसतो. मीच त्यांच्या हातावर थोडे घातले.

"दात पडतील माझे," हे म्हणाले. चावत चावत, समोर बघत म्हणाले, "वाशिंदचा कारखाना बंद होतोय."

"कधी कळलं?"

"साओ पावलोतच. परत जाऊन कुठं जाणार होतो? गेटला टाळं बघायला?"

मी त्यांच्या हातावर आणखी थोडे तांदूळ घातले. डोंगरावर गार वारा होता आणि आम्ही दोघं, आईने चुलीवर शिजवायला दिलेले तांदूळ कच्चे चावत बसलो होतो.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. एक मूठ अजून राहिली होती. जबडा दुखत होता, तोंडात जागा नव्हती. ती मूठ मी ड्रममध्ये सालींवर सोडली. लांबूनही त्यातलं कुंकू दिसत होतं. कुत्रा आला, माझी पिशवी हुंगून पुढे गेला.

सान्तियागो मला फारसं आठवत नाही. उंच इमारती होत्या, त्यांच्या मागे तेच डोंगर.

परत आल्यावर मी माहेरी गेले. आईच्या खांबाला आता भावाचा मुलगा टेकून अभ्यास करत होता. निघताना वहिनीने ओटी भरली. तांदूळ त्याच शेतातले, पण गिरणीत घासून पांढरे केलेले. ती म्हणाली, "आईंसारखी मला नाय जमत हो, गोड मानून घ्या." मुरबाडहून एस.टी.ने किन्हवलीला घरी आले आणि त्याच संध्याकाळी ते शिजवले. ठेवले नाहीत.

पहिला घास कौलावर ठेवला आणि अंगणात उभी राहिले.

"अंधार पडतोय," हे दारातून म्हणाले. "कावळे झोपले असतील गो. चल, जेवू."

आम्ही जेवलो. सकाळी कौलावर घास नव्हता. कोणी नेला ते मी बघितलं नाही. हे तीच पिशवी पाठीवर घेऊन भातसानगरला काम मिळतं का बघायला गेले.