वाकडे पोपट

'सुबक' या शब्दाचा मला आता राग येतो. बावीस वर्षं घाटकोपरला घरी क्रोशाचा क्लास चालवला, आणि या शब्दाने किती जणींचे हात आखडवले ते मला ठाऊक आहे.

आठ वर्षांपूर्वीच्या एका बॅचला पाच जणी होत्या. एक बँकेतली, मोबाईलवर बघून माझ्या पुढे धावणारी. दोघी जावा, गप्पांत टाके विसरणाऱ्या. एक कॉलेजची मुलगी. आणि मानखुर्दहून येणारी एक मालवणी बाई, घरोघरी पोळ्या करणारी. तिला लेकीच्या रुखवतात ठेवायला पोपटांचं तोरण करायचं होतं. स्वतःच्या हातचं. बाकी रुखवत विकतचं असलं तरी चालेल म्हणाली.

ती डावखुरी होती.

"माजो हात असोच चलता, बाई," पहिल्या दिवशी तिने सांगितलं.

मी म्हटलं, "उजव्या हाताने धरा. सवय होते."

डावखुरीला शिकवणं अवघड नसतं हो! उजव्या हाताच्या बाया शेजारी बसतात, डावखुरीला फक्त समोर बसवायचं. आरशात बघितल्यासारखं तिला सगळं दिसतं. एक खुर्ची फिरवायची होती. मला हे माहीत होतं, आणि मी ती फिरवली नाही. पाचही जणींना एका रांगेत बसवून एकच माप लावलं. जावा तिच्याकडे बघून हसायच्या, "अगं, सुई आहे ती, लाटणं नाही!" मीही हसले आहे.

माझ्यासमोर ती उजव्या हाताने दोन साखळ्या घालून घामाघूम व्हायची, आणि घरी जाऊन गुपचूप डाव्या हाताने विणायची. कळायचंच ते. नमुन्यातले पोपट उजवीकडे बघत, तिचे डावीकडे. शिवाय थोडे वाकडे, पोट सुटलेले. पण चार महिन्यांत तोरण पुरं केलं तिने.

लग्नाच्या आठवडाभर आधी दोऱ्याची टोकं लपवून घ्यायला तिने ते माझ्याकडे ठेवलं. मी ते दारावर धरून पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. लोक विचारणार, कोणाकडे शिकलीस? क्लासच्या सगळ्या येणार. हे बघणार.

मी ते उसवलं. सगळं. एक टोक ओढलं की क्रोशा सरसर सुटतो, चार महिने अर्ध्या तासात. दोरा तिचाच वापरला, म्हणजे तोरण तिचंच, अशी मनाची समजूत घातली. तीन दिवस बसून नवं विणलं. सुबक.

लग्नाच्या सकाळी मीच ते मानखुर्दच्या हॉलवर नेऊन लावलं. तोरण रुखवतावर झळकत होतं. खाली चिठ्ठी, 'वधूच्या आईच्या हातचे'. बाया म्हणत होत्या, "वहिनी, काय हात आहे हो!" ती कामाच्या गडबडीत, अजून नीट बघितलंही नव्हतं. मुंडावळ्या बांधलेली लेक जवळ आली, बघत राहिली आणि म्हणाली, "आये, आपले वाकडे पोपट खंय गेले?"

तेव्हा तिने पाहिलं. मग माझ्याकडे.

"सगळा उसवलात?"

"थोडं नीट केलं फक्त," मी म्हटलं. थोडं!

तिने ती चिठ्ठी काढली, घडी करून कमरेला खोचली आणि पाहुण्यांना पाणी द्यायला गेली. क्लासला परत आली नाही.

इथवरचं मी एकदोघींना सांगितलं आहे. पुढचं कुणालाच नाही. पुढच्या सोमवारी बँकेतलीने विचारलं, "चिठ्ठी का काढली हो तिने?" आणि मी म्हटलं, "तिनेच मला करून मागितलं होतं. जमत नव्हतं ना. मग लाज वाटली असेल." जावांनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली, "तरीच! लेकीच्या लग्नातसुद्धा फसवाफसवी." मी सुईत डोळे घालून बसले. तिच्या नावावर ती फसवाफसवी मी आठ वर्षं राहू दिली, आणि वर तिलाच उपकारांची जाणीव नाही म्हणून चिडत राहिले. कसली जाणीव? कसले उपकार?

त्या चौघींपैकी कुणी हे वाचत असेल तर ऐका. तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. तोरण तिने पुरं केलं होतं, डाव्या हाताने, मी शिकवलं नसताना. त्या दिवशी हॉलमध्ये फसवाफसवी करणारी एकच बाई होती, आणि ती तुमची शिक्षिका होती.